माझे जादा पाटे

मित्रांनो, गुऱ्हाळाच्या पलीकडे बाभळीखाली एक लाल मालमोटार उभी आहे. तुम्ही तिच्या टपावर चढून चिंचा खाता आणि चिंचोके तिच्याच बोनेटवर टाकता. ती मीच. माझे दिवे गेले, एक दार गेलं, समोरच्या जाळीत दरवर्षी चिमण्या संसार मांडतात. अशी म्हातारी काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण माझ्या अंगावर लोकांनी इतकं जोडलं, काढलं आणि ठोकलं आहे, की मूळची मी किती उरले हे माझं मलाच सांगता येत नाही. त्यातली एक जोडणी साफ चुकली होती. ती चूक कशी निभावली हे आठवलं की आजही माझा जीव भांड्यात पडतो. तेवढं ऐका आणि मग खुशाल चिंचा खा.

मी मूळची परदेशातली. माझे सुटे भाग लाकडी खोक्यांतून बोटीनं मुंबईला आले आणि तिथं ते जोडून मला उभं केलं. लढाईचे दिवस होते. मला शेवाळी रंग फासून थेट फौजेत धाडलं. आसामच्या डोंगरात मी पीठ वाहिलं, दारूगोळा वाहिला, जखमी जवान वाहिले. तिथं मला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. लाड करायला कुणाला सवड नव्हती, पण रोज सकाळचं तेलपाणी कधी चुकलं नाही.

लढाई संपली आणि आम्हा शेकडो गाड्यांना पुण्याजवळच्या एका माळावर ओळीनं उभं करून टाकलं. एक अख्खा पावसाळा अंगावर गेला. कालपर्यंत जिच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं, तिच्या हौद्यात आता बेडूक राहायला आले. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

तिथल्या लिलावात मला सयाजी भेटला. तासगावच्या पुढं येरळा नदीच्या काठी त्याचं गाव. घरी उसाची शेती आणि स्वतःचं गुऱ्हाळ. फौजेत तो माझ्यासारख्याच गाड्या चालवायचा. इतर गिऱ्हाइकं माझा रंग बघत होती. त्यानं बोनेट उघडलं, तेलाची कांडी काढून वास घेतला, आणि माझ्या मडगार्डवर थाप मारून म्हणाला, "चल बाई. घरला जाऊ."

गावात पोचल्यावर त्याची आई मनुबाई हिनं माझ्या चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. वडील लालासाहेब माझ्याभोवती एक फेरी मारून आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "समदं झ्याक हाय. पर बैलं कुटं जुपायची?"

सयाजी म्हणजे हाताला विसावा नसलेला माणूस. गाडी आहे तशी वापरायची हे त्याला ठाऊकच नव्हतं. फौजेची ताडपत्री काढून त्यानं डोक्यावर लाकडी टप बसवला. हौद्याच्या बाजू बाभळीच्या फळ्या लावून उंच केल्या. बसायच्या जागी सावरीच्या कापसाची गादी आली. फौजेचा किरकिरा हॉर्न गेला आणि रबरी फुग्याचा पितळी भोंगा आला. शेवाळी रंग खरवडून मला लाल केलं, कपाळावर 'यमाई प्रसन्न' असं लिहिलं आणि सगळं घर घेऊन औंधला देवीच्या पाया पडून आणलं. लालासाहेबांनी थोरल्या बैलाची जुनी घुंगरमाळ माझ्या नाकावर बांधली. मी लाजले, पण मला ती आवडली. नंबराची गाडी होते, आता घरची झाले होते.

इथवर सगळं नीट होतं. मग सयाजीच्या डोक्यात पाटे शिरले.

मित्रांनो, माझ्या मागच्या चाकांवर पोलादी कमानपाटे आहेत, एकावर एक रचलेले. खड्डा आला की ते दबतात आणि धक्का आपल्या अंगावर घेतात. आमच्या घरचा गूळ सांगलीच्या पेठेत जायचा. गुळाचे रवे, म्हणजे त्या मोठाल्या गोल ढेपा, हौद्यात रचले की मी मागून खाली बसायची. मी तशीच बनले होते; बेतानं वाहायला. पण शेतकऱ्याला बेत दाखवून उपयोग नाही. हौद्यात जागा दिसली की आणखी एक रवा चढायचा, आणि त्याच्यावर चार माणसं. सयाजीनं एका मोडीत निघालेल्या लष्करी लॉरीचे जाड पाटे आणले आणि माझ्या दोन्ही बाजूंना घातले. गावच्या जोतिबा लोहारानं ते कवळायला लांब बोल्ट घडवले. नट आवळून झाल्यावर त्यानं बोल्टांची तोंडं तापवून अशी ठोकली, की नट पुन्हा फिरूच नये. बैलगाडीच्या लोखंडी धावेला, नांगराच्या फाळाला लोहार असंच करतात. एकदा ठोकलं की ठोकलं.

"फौजी," जोतिबा घाम पुसत म्हणाला, "ह्यो नट आता तुज्या नातवालाबी सुटायचा न्हाई!"

सगळे खूश झाले. मीही झाले. आता हौदा काठोकाठ भरला तरी माझी पाठ वाकत नसे. सांगलीला जाताना लालासाहेब रव्यांवर घोंगडी टाकून निजायचे आणि कवलापूर येईस्तोवर घोरायचे. पण गूळ उतरवून रिकामी परत निघाले की माझी दशा व्हायची. एवढ्या जाड पाट्यांना दबवायला वजनच नाही. रस्त्यात गोटीएवढा खडा आला तरी मी उडायची आणि दाणकन आदळायची. लालासाहेब कंबर धरून उतरायचे आणि सांगली संस्थानाच्या रस्त्यांना शिव्या द्यायचे. बिचाऱ्या रस्त्यांचा काही दोष नव्हता.

त्याच हिवाळ्यात मिरजेच्या दवाखान्यातून निरोप आला. सयाजीचा धाकटा भाऊ ज्ञानू तिथं होता. तोही फौजी. लढाईत त्याच्या पाठीचा मणका दुखावला होता. एका लष्करी दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत फिरत तो शेवटी मिरजेला आला, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीचं ऑपरेशन करून छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं. त्याची बायको विजयमाला लग्नानंतर जेमतेम महिनाभर त्याच्याबरोबर राहिली होती. बाकीची वर्षं तिनं सासूच्या हाताखाली आणि टपालवाल्याच्या वाटेकडं बघत काढली होती.

निरोप मिळताच सयाजी मिरजेला जाऊन आला. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "चार दिवसांनी त्याला घरी नेऊ शकता. मणका जुळू लागला आहे. पायाची बोटं हलतात, म्हणजे तो चालेल अशी मला आशा आहे. मात्र वाटेत जोराचा हिसका बसला, तर केलेलं सगळं फुकट जाईल. मग पाय कायमचे गेले असं समजा."

बैलगाडीचा प्रश्नच नव्हता. आगगाडीनं आणलं तरी स्टेशनापासून पुढं बैलगाडीच. उरले मी. सगळ्या घराचे डोळे माझ्यावर लागले. आपण कशा आदळतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

सयाजी कामाला लागला. फौजेत जखमींना निजवायचे कापडी झोले पट्ट्यांवर टांगलेले त्यानं पाहिले होते. त्यानं टपाच्या आणि फळ्यांच्या आधारानं चार दोर बांधून हौद्यात एक बाज टांगली. "पाळण्यागत जाईल बघ गडी," तो विजयमालाला म्हणाला.

विजयमाला घरात गेली आणि दह्याचं गाडगं घेऊन आली. घट्ट लागलेलं, सकाळचं दही. तिनं ते बाजेवर मधोमध ठेवलं, भोवती वाकळ खोचली. "भावजी, आदी ह्येला फिरवून आणा," ती म्हणाली.

सयाजी मला गावाबाहेरच्या वाटेनं ओढ्यापर्यंत घेऊन गेला. मी जीव मुठीत धरून चालले. तरी पहिल्याच वळणाला बाज झुलली आणि हौद्याच्या फळीवर आपटली. पुढं प्रत्येक खड्ड्याला ती इकडून तिकडं आपटत राहिली. परत आल्यावर विजयमालानं गाडग्यात डोकावून बघितलं.

"ताक झालं की वं," एवढंच ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मग सयाजीनं दोर सोडले. हौद्यात उसाच्या पाचटाचा जाड थर घातला, त्यावर बाज ठेवून आवळून बांधली. दुसरं गाडगं आलं. या वेळी बाज झुलली नाही, पण माझं आदळणं सरळ तिच्यापर्यंत पोचलं. दह्याचे पुन्हा तुकडे झाले. तेव्हा कुठं सयाजी खाली वाकला, माझ्या मागच्या चाकांकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"पाटं! म्याच घातल्यात की ह्ये!"

तो पळतच जोतिबाला घेऊन आला. जोतिबा छिन्नी-घण घेऊन माझ्याखाली शिरला. त्यानं घाव घातले, शिव्या घातल्या, पाय ताणून नट पिळले. पण त्याचंच काम इतकं पक्कं होतं की एक नट हलेना. शेवटी तो बाहेर येऊन बसला. "तोडाय ईल रं. पर तोडलं की समदंच पाटं सुटं पडतील. जुनं बोल्ट तवाच मोडीत गेलं, आन नवं घडवाय माज्याकडं सळई कुटं हाय? कोल्हापुरास्नं आणाय पायजे. आन तू तर परवा मिरजंला निगालास."

मित्रांनो, त्या दिवशी मला वाचा असती तर! उत्तर मला माहीत होतं. मी कधी मऊ चालते, हे मीच जाणत होते. पण माझ्याजवळ फक्त भोंगा, आणि तोही दुसऱ्यानं दाबला तर वाजणारा. सयाजी डोकं धरून पायरीवर बसला होता, विजयमाला दाराशी उभी होती, आणि मी नुसती उभी. इतकी लाचार मी त्या माळावरसुद्धा नव्हते.

मनुबाई इतका वेळ गुऱ्हाळाच्या दारात बसून हे सगळं बघत होती. ती लालासाहेबांना म्हणाली, "आवं, मला एक सांगा. सांगलीला जाताना तुमी गुळावर घोरत जातासा, आन येताना कंबर धरून येतासा. रस्ता तर त्योच. ह्यो काय परकार हाय?"

लालासाहेबांनी आपली कंबर चाचपली. सयाजीनं मान वर केली.

"आये!" तो ओरडला. "वजं! गाडीला वजं पायजे!"

मला हायसं वाटलं ते किती म्हणून सांगू! माझ्या मनातलं कुणीतरी बोललं होतं.

पण वजन घालायचं कशाचं? दगड घातले तर तेच खडखडणार. वाळूला पोती हवीत, आणि रेशन-कंट्रोलच्या त्या दिवसांत पोती कुठली? गुऱ्हाळात मात्र नव्या गुळाचे रवे थप्पी लावून पडले होते. एकमेकांना चिकटून बसतात, हलत नाहीत, वाजत नाहीत. सयाजी तिकडं बघू लागला तसे लालासाहेब उठून उभे राहिले.

त्याचं कारण होतं. पेठेच्या दिशेनं गेलेला गूळ माघारी येणं म्हणजे आमच्याकडं मोठी नामुष्की. गुळात खोट निघाली, कुणी हात लावला नाही, असाच त्याचा अर्थ लोक घ्यायचे. लालासाहेबांच्या गुळाचं पंचक्रोशीत नाव होतं. "भरली गाडी सांगलीवरनं माघारी आणायची?" ते म्हणाले. "लोकं काय म्हणतील?"

"लोकांची तोंडं दिसत्यात तुमास्नी," मनुबाई म्हणाली, "आन पोराची पाठ दिसंना व्हय?"

लालासाहेबांनी पहिला रवा स्वतःच्या खांद्यावर उचलला.

रव्यांचे थर, त्यावर पाचट, त्यावर वाकळा आणि त्यावर गाडगं. तिसऱ्या फेरीला माझे पाटे दबले, जागचे हलले आणि मी किती दिवसांनी मऊ चालले. विजयमालानं गाडग्यात बघितलं. कडेला थोडं पाणी सुटलं होतं, दही जसंच्या तसं होतं. ती हसली. मी त्या घरात आल्यापासून तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते.

मिरजेला ज्ञानूला झोळीतून उचलून माझ्यावर ठेवलं. चेहरा उन्हात न गेलेल्या माणसासारखा पांढरा, पण डोळे मिश्कील. विजयमाला त्याच्या उशाशी बसली. "दादा, हातरुण गोड लागतंय," तो म्हणाला आणि सयाजीनं डोळे पुसत इंजन सुरू केलं.

सांगलीच्या पेठेत बैलगाड्यांची दाटी होती. तिथं थांबावं लागलं आणि जे व्हायचं ते झालंच. आमचा गूळ ज्यांच्याकडं जायचा त्या अडतीचे दिवाणजी गोपाळकृष्णपंत ओट्यावर उभे होते. त्यांनी हौद्यातले रवे पाहिले.

"काय लालासाहेब, माल परत चालला? काय खोट काढली कुणी?"

आजूबाजूचे हमाल, गाडीवान वळून बघू लागले. लालासाहेब माझ्या पायरीवर उभे होते. त्यांनी पटका सारखा केला. "गूळ इकाय न्हाई आणला, पंत," ते मोठ्यानं म्हणाले. "ल्योक निजवाय आणलाय."

पंतांनी फळीवरून आत बघितलं. मग ते खाली उतरले आणि धोतराचा सोगा हातात धरून स्वतः माझ्यापुढं चालू लागले. "गाड्या बाजूला घ्या! आजारी माणूस आहे!" असं ओरडत त्यांनी मला पेठेबाहेर काढून दिलं. माझ्या लाल रंगाचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

शेवटी राहिली येरळा. नदीत पाणी थोडं, पण वाळू मोठी. ज्या वजनानं मला मऊ केलं होतं, तेच आता मला रुतवणार होतं. एरवी भरली असताना रुतले की बैल जुंपून मला ओढून काढत; आज तसं झालं असतं तर ओढाताण, हिसके, आणि सगळं मुसळ केरात. सयाजी काठावर थांबला आणि माझ्या चाकांतली हवा थोडी थोडी सोडू लागला. वाळूत चाकं पसरट झाली की कमी रुततात, हे तो फौजेत शिकला होता. तेवढ्यात पलीकडून जोतिबा आणि गुऱ्हाळावरचे गडी पाचटाचे भारे डोक्यावर घेऊन आले. त्यांनी या काठापासून त्या काठापर्यंत वाळूवर पाचट अंथरलं. मनुबाई पलीकडच्या काठावर उभी होती.

सयाजीनं पहिला गिअर टाकला. मी सगळ्या आयुष्यात इतकी सावकाश कधी चालले नाही. चाकाखाली पाचट दबत होतं, बाजूनं गडी चालत होते. एकदा मागचं डावं चाक किंचित खाली गेलं. सयाजीनं श्वास रोखला, मीही रोखला. मग चाकानं पाचट धरलं आणि मी वर आले. काठ चढून सपाटीला लागले तेव्हा सयाजीनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मागून ज्ञानूचा झोपाळलेला आवाज आला. "दादा, नदी कवा यायची रं?"

जोतिबा हसला आणि सगळेच हसायला लागले. "नदी मागं ऱ्हायली, गड्या!" सयाजी म्हणाला. मनुबाईनं हौद्याची फळी धरली, लेकाच्या पायाची बोटं हलताना बघितली आणि तिथंच उभी राहून रडली. ते रडणं सुखाचं होतं, हे मलासुद्धा कळलं.

पुढं गुऱ्हाळाचा हंगाम संपल्यावर सयाजीनं कोल्हापूरहून सळई आणली. जोतिबानं स्वतःच्या हातानं ते बोल्ट तोडले, जादा पाटे काढले आणि नवे बोल्ट तोंडं न ठोकता बसवले. भार कमी झाला, फेऱ्या वाढल्या. लालासाहेब येताना कंबर धरीनासे झाले.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी मोटार घ्याल, कुणी इंजन, कुणी नुसती सायकल. तिला हौसेनं काहीतरी जोडालच आणि जोडावंच. मला माझा लाल रंग अजून आवडतो. पण भरल्या अंगानं ती कशी चालते हे बघाल, तसं रिकामी असताना कशी चालते हेही बघत जा. जे बसवाल ते पुन्हा काढता येईल असं बसवा. आणि काम संपलं म्हणून तिला बेडकांच्या हवाली करू नका. वर्षातून एकदा थोडं तेल, एक ओलं फडकं, एवढ्यावर आमचं भागतं.

माझं भागतं आहे. दर दसऱ्याला ज्ञानू तेलाचा डबा घेऊन माझ्याकडं येतो. कधी विजयमाला बरोबर असते, कधी नसते. घरापासून इथवर वाट चढाची आहे, पण त्याला कुणाचा हात लागत नाही. तो चालत येतो.